नऊ इंचांवरच्या पाट्या

सेतुराव मामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या हॉलमध्ये चार पायांवर होते.

दारातून आत आले ते मात्र दोन पायांवरच. पुण्यातली नोकरी सोडून मी चेन्नईला आले होते आणि पेरुंगुडीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये सामान टाकून जेमतेम तीन तास झाले होते. खोक्यांच्या डोंगरात मी चहाचं पातेलं शोधत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात सत्तरीचे एक गृहस्थ. पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, खिशात दोन पेनं आणि एक स्टीलची मोजपट्टी. त्यांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला येणारं एकमेव तमिळ वाक्य मी बोलून टाकलं, "तमिळ तेरियादु." तमिळ येत नाही, हे तमिळमध्ये सांगता येत होतं, एवढीच माझी तयारी.

त्यांची नजर माझ्या मागच्या खोक्यावर गेली. त्यावर मी मार्करनं लिहिलं होतं, 'भांडी. हळू!!'

"मराठी काय गे तूं?" ते एकदम खुलले. "बरें झालें. कुत्रा आला आहे म्हणून ऐकलों. कोठें आहे?"

"आहे की. झुणका, ये रे..."

"बोलावूं नको!" मामा चार पावलं मागे, थेट लिफ्टच्या दारापर्यंत गेले. "आधीं त्याला न्हाणीघरांत घाल. कडी लाव. मग मी येतों."

मी का ऐकलं, मला आजही सांगता येत नाही. झुणक्याला बाथरूममध्ये घातलं, कडी लावली. मामा आत आले, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि 'नारायणा' म्हणत खाली वाकून हातापायांवर रांगायला लागले. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून मागच्या अंगणात. बाथरूममधून झुणका रडत होता, आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरंच कुणीतरी त्याची कामं करत घरभर फिरत होतं.

"कुत्र्याची नजर जमिनीपासून किती? सव्वा हात," ते सोफ्याखालून म्हणाले. "मग तपासणी करणाऱ्याचीही तितकीच पाहिजे. उभ्यानें तपासणी करणारे सगळे खोटे."

खोक्यांमध्ये मी पुण्याहून जपून आणलेलं एकच झाड होतं, मनीप्लांट. मामा त्याच्यासमोर थांबले, चष्मा वर केला आणि तो प्रश्न विचारला, जो पुढे मी हजार वेळा ऐकणार होते.

"पोटांत गेलें तर?"

"तो झाडं खात नाही हो. फक्त चपला खातो."

"आज चप्पल. उद्यां मनीप्लांट," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेली एक पिवळी पट्टी काढली, दोऱ्यानं कुंडीला बांधली आणि जाताना सांगितलं, "उंचावर ठेव. तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. पिवळें म्हणजे मरणार नाहीं, पण रडेल."

तर असे आमचे सेतुराव मामा. सगळी बिल्डिंग त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणते. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मामी गेल्याला पाच वर्षं झाली, मुलगी मेलबर्नला असते. त्यांचं घराणं तंजावरचं. पूर्वज तिकडे गेले ते आपली त्या वेळची मराठी घेऊन गेले आणि ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी बसवून वापरली. म्हणून मामा 'विचारू नको' म्हणत नाहीत, 'पुसूं नको' म्हणतात. 'मी केलं' म्हणत नाहीत, 'मी केलों' म्हणतात. पहिल्या महिन्यात मला त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही आणि माझं त्यांना. "तुमची मराठी फार घाईंत असते," असा त्यांचा शेरा होता.

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंप बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे मामा चौतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. तिथे त्यांनी लेथ मशीनवर पाट्या लावल्या, जिन्यावर लावल्या, कँटीनच्या गरम सांबाराच्या पातेल्यावरही 'सावधान' लावली. निवृत्त होऊन घरी आल्यावर काही काळ त्यांनी मामींच्या मिक्सरवर वगैरे भागवलं. मग कधीतरी त्यांना शोध लागला, की आपल्या बिल्डिंगच्या बागेत सत्तावीस प्रकारची झाडं आहेत, अकरा कुत्री आहेत, आणि दोघांच्या मध्ये एकही पाटी नाही.

त्यांनी पाट्या केल्या. लाल म्हणजे पोटात गेलं तर जीव जाईल. पिवळी म्हणजे रडेल. हिरवी म्हणजे खुशाल खा. लाल पाटीवर त्यांनी स्वतःच्या हातानं कवटी आणि दोन हाडं काढली होती. चित्रकला हा काही मामांचा प्रांत नाही, त्यामुळे कवटी चांगली खुशीत हसल्यासारखी दिसायची. आणि सगळ्या पाट्या जमिनीपासून बरोबर नऊ इंचांवर.

"नऊ इंचच का?"

"वास घेतांना नाक तितकें खालीं येतें. मोजलों आहे."

कसं मोजलं ते मला वॉचमन सेल्वमनं सांगितलं. मामांनी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं इंचाइंचावर रेघा ओढल्या आणि आठ दिवस दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून दुर्बीण लावून बसले. जे जे कुत्रं भिंतीजवळ येऊन वास घेई, त्याची नोंद झाली. दुर्बीण कशाला? कारण मामांना कुत्र्यांची प्रचंड भीती वाटते. अकरापैकी एकाही कुत्र्याला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. लिफ्टमध्ये कुत्रा असला तर ते जिन्यानं जात, जिन्यात असला तर लिफ्टनं, आणि दोन्हीकडे असला तर खाली बाकावर बसून पेपर वाचत. झुणका समोर आला की ते हात जोडून, आदरार्थी बहुवचनात बोलायचे, "मिस्टर झुणका, तळ्ळी पोंगो. कृपा करून बाजूला व्हा."

"मामा, कुत्र्यांना वाचता येत नाही," मी एकदा म्हटलं.

"मालकांना येतें. पण तेही वाचत नाहींत," मामा म्हणाले. "कारखान्यांतही असेंच होतें. पाटी लावणें माझें काम."

नऊ इंचांवरची पाटी वाचायला माणसाला गुडघे टेकावे लागत. नव्यानं राहायला आलेल्या एका कुटुंबाला वाटलं, हे काहीतरी देवाचं आहे. सगळे झाडासमोर गुडघे टेकून चित्राकडे बघतात म्हटल्यावर त्यांनीही टेकले. दुसऱ्या दिवशी कण्हेरीखालच्या हसऱ्या कवटीला हळदीकुंकू लागलं होतं.

मोठं भांडण झालं ते पद्मा मामींशी. पद्मा मामी पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी गॅलरीखालच्या वाफ्यात कळलावीचा वेल लावला होता. त्याची लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुलं बघायला लोक थांबत. कळलावी हे तमिळनाडूचं राज्यफूल. मामांनी त्याला लाल पाटी लावली. एक नाही, तीन. कारण कंद, पान, बी, सगळंच जहाल.

"राज्याच्या फुलावर कवटी?" पद्मा मामी कडाडल्या. "हा अपमान आहे!"

"मामी, मी राज्याचा मान राखूनच लावलों," मामा हात जोडून म्हणाले. "पण पोटांत गेलें तर राज्य येऊन सलाईन लावत नाहीं."

दोन महिने दोघं बोलत नव्हती. शेवटी मामी स्वतःच वेलाभोवती जाळी लावून मोकळ्या झाल्या, आणि जाळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे मी माझ्या मनानं लावलं आहे.'

मामांचा हा उद्योग बिल्डिंगपुरता असता तरी ठीक होतं. माझी आई साताऱ्याहून आली तेव्हा आम्ही टी. नगरला साड्या घ्यायला निघालो. भाषेसाठी मामा बरोबर आले. त्या रस्त्यावर माणसाला माणूस चिकटून चालतो. आम्ही एका चार मजली दुकानात कसेबसे शिरलो, आई काउंटरवर पोचली, मी मागे वळून पाहिलं तर मामा नाहीत. दारातल्या गर्दीत एक मोकळं वर्तुळ झालं होतं आणि वर्तुळाच्या मध्ये मामा रांगत होते. दाराशी पितळी हंड्यांत मोठ्या ठिपकेदार पानांची डिफेनबाकियाची झाडं होती.

दुकानातल्या एका सेल्समनला वाटलं, म्हाताऱ्यांचा दात पडला. तोही खाली बसला आणि शोधायला लागला. त्याला पाहून आणखी दोघं. मग एका गिऱ्हाईक बाईंनी आपला गजरा सावरत विचारलं, "सोन्याचा होता का?" एवढं पुरे झालं. मिनिटभरात आठ माणसं गुडघ्यांवर आली आणि वर काउंटरवाला "कुणीही हलू नका!" म्हणून ओरडत होता.

मॅनेजर आले. मामा रांगतच त्यांच्याकडे वळून म्हणाले, "सर, इथें कुत्रा येतो काय?"

"सर, हे रेशमी पट्टुसाड्यांचं दुकान आहे."

"ठाऊक आहे. येतो काय?"

मॅनेजर काही बोलणार, तोच मामांनी बोट दाखवलं. दाराच्या आत, एसीची गार झुळूक लागेल अशा बेतानं, रस्त्यावरचं एक पिवळं कुत्रं हंड्याला टेकून गाढ झोपलं होतं. सगळ्यांनी बघितलं. मामा ताडकन उठले आणि माझ्या आईच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथूनच त्यांनी मॅनेजरांना पानाच्या रसानं जीभ कशी सुजते ते समजावून सांगितलं. हंडे वर टेबलावर गेले. आईला त्या गडबडीत हवी होती ती साडी मिळाली नाही, पण साताऱ्याला गेल्यावर तिनं साडीपेक्षा हीच गोष्ट जास्त लोकांना दाखवली.

मग आली मॉक ड्रिल.

नोटीस बोर्डावर कागद लागला: 'रविवार, सकाळी दहा वाजता, विषबाधा झालेल्या कुत्र्यास चार मिनिटांत गेटपर्यंत नेण्याचा सराव.' खरा कुत्रा वापरायचा तर तो ऐकत नाही, आणि मामा त्याच्या जवळ जात नाहीत. तेव्हा कुत्र्याचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. ठरल्या वेळी ते हिरवळीवर कुशीवर पडले. आलो होतो मी, सेल्वम, आणि जिन्यात पाय मुरगळल्यामुळे बाकावर बसलेल्या पद्मा मामी.

"आता काय करायचं, मामा?" मी विचारलं.

मामा गप्प.

"मामा?"

मामांनी एक डोळा उघडला. "कुत्रा बोलत नाहीं," ते म्हणाले आणि डोळा मिटला.

आम्ही कागद वाचून करत गेलो. एक, तोंडात काही उरलं असेल तर काढा. मामांनी तोंडात कढीपत्त्याचं पान धरून ठेवलं होतं, ते काढलं. दोन, झाडाचा तुकडा पिशवीत घाला. तीन, किती वाजता खाल्लं ते लिहा. चार, मीठपाणी, ताक, तूप, काही म्हणता काही पाजू नका, स्वतःच्या मनानं उलटी करवू नका. पाच, उचला आणि डॉक्टरकडे पळा. पाचव्या कलमाला सेल्वमनं मामांना खांद्यावर टाकलं आणि गेटकडे धावत सुटला. त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी मूर्ती सर गाडीतून आत येत होते. वॉचमन एका ज्येष्ठ सभासदाला उचलून पळवतोय, मागे मी पिशवीत पान घेऊन धावतेय, हे बघून त्यांनी गाडी सरळ वाफ्यात घातली.

"सहा मिनिटें वीस सेकंद," मामा सेल्वमच्या खांद्यावरून म्हणाले. "कुत्रा मेला."

मूर्ती सरांनी मामांवर राग धरला तो तेव्हापासून. पुढच्याच महिन्यात त्यांनी गेटच्या दोन्ही बाजूंना दोन थोराड सायकस आणून लावले. ताडाच्या चुलतभावासारखं दिसणारं, टोकदार पानांचं झाड. एकाच्या मधोमध नारिंगी बियांचा घोस होता. बिल्डिंगला एकदम हॉटेलची कळा आली. मामांनी सेक्रेटरींना पत्र दिलं. मग दुसरं. मग तिसरं. सायकसचं बी म्हणजे लालातलं लाल, एक-दोन बियांनी कुत्र्याचं यकृत निकामी होतं. मूर्ती सरांनी तिसऱ्या पत्रावर शेरा मारला, 'आजवर एकही घटना नाही. विषय बंद.' मामांनी झाडांना पाट्या लावल्या, त्या मूर्ती सरांनी काढायला लावल्या. परत लावल्या, परत काढल्या.

आणि त्या शुक्रवारी घटना झाली. ती माझ्यामुळे झाली, हे इथेच सांगते.

दुपारी अडीचच्या सुमाराला मी झुणक्याला फिरवायला बाहेर काढलं. कानात हेडफोन, ऑफिसची मीटिंग चालू. गेटपाशी झुणका काहीतरी चघळत होता. नारिंगी, गोलसर काहीतरी दिसलं. मला वाटलं, कुणाच्या तरी पोराचा बॉल. मी पट्टा ओढला आणि मीटिंगमध्ये "हो, सोमवारपर्यंत देते" म्हणाले.

वरून आरोळी आली. "अनघा! तोंड! तोंड उघड त्याचें!"

मामा बाल्कनीत दुर्बीण घेऊन उभे होते. मी हात हलवला. नेहमीचंच असेल, असं मला वाटलं. पण मामा जिन्यानं धडाधडा उतरताना ऐकू आले, आणि बाहेर आले ते अनवाणी. आठ महिन्यांत हा माणूस झुणक्याच्या दहा फुटांच्या आत आला नव्हता. ते सरळ चालत आले, खाली बसले आणि झुणक्याच्या जबड्यात हात घातला.

झुणक्यानं दात मिटले. त्याचाही काही दोष नव्हता, कुणी असा तोंडात हात घातलेला त्याला ठाऊक नव्हता. मामांच्या तोंडून आवाज आला नाही. हात बाहेर आला तेव्हा रक्तानं भरलेला होता आणि बोटांत चावलेल्या बीचा अर्धा तुकडा होता.

"पिशवी," मामा म्हणाले.

पद्मा मामी खाली आल्या होत्या. त्या मिठाचं पाणी आणायला वळल्या, तर मामा ओरडले, "कांहीं पाजूं नका!" झुणका शेपूट हलवत होता, त्याला काहीही झालेलं दिसत नव्हतं.

"मामा, तो बरा दिसतोय. जरा वाट बघून..."

"सगळे बरेच दिसतात," मामा म्हणाले. त्यांनी सव्वीस किलोंचा झुणका दोन्ही हातांवर उचलला आणि गेटबाहेर रस्त्यावर जाऊन रिक्षासमोर उभे राहिले.

रिक्षावाला कुत्रा म्हटल्यावर नको म्हणाला. मामा त्याच्याशी हुज्जत घालत बसलेच नाहीत. आत शिरून बसले, झुणका मांडीवर, आणि म्हणाले, "दोन चाळीसला खाल्लें आहे. आतां दोन एकावन्न. चल." रिक्षावाल्याला मराठी कळली नसणार, पण त्यानं किक मारली.

वाटेत झुणक्याला पहिली उलटी झाली, मामांच्या वेष्टीवर. मग दुसरी. मामांनी डोळे घट्ट मिटले होते. त्यांचे हात माझ्या कुत्र्याच्या पाठीवरून एकसारखे फिरत होते. "कांहीं नाहीं, राजा. कांहीं नाहीं." बहुवचन गेलं होतं, मिस्टरही गेला होता.

डॉक्टरांनी पिशवीतला तुकडा बघितला आणि पुढचं काहीही न विचारता झुणक्याला आत नेलं. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, काय खाल्लं ते कळलं आणि तासाच्या आत आणलंत म्हणून काहीतरी करता आलं. तरी दोन दिवस धाकधूक आहे. मग मामांच्या हाताकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही इथे काय करताय? माणसांच्या दवाखान्यात जा."

मामांच्या हाताला पाच टाके पडले. इंजेक्शनं सुरू झाली. शनिवारी त्यांना ताप भरला. मी खाली झुणक्याच्या दवाखान्यात आणि वर मामांकडे अशा फेऱ्या मारत होते. पद्मा मामींनी मऊ रसम-भात पाठवला. मूर्ती सरांनी कुणी न सांगता दोन्ही सायकस मुळासकट काढून नेले. झुणक्याचे रिपोर्ट रविवारी पहाटे बरे आले, तो थोडं पाणी प्यायला, असा फोन आला आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडून घेतलं.

नऊच्या सुमाराला आणखी एक फोन आला. परदेशी नंबर.

"अनघा काय? मी सुधा. सेतुरावांची मुलगी. अप्पांनीं तुझा नंबर देऊन ठेवला आहे, इमर्जन्सीला म्हणून." आवाज घाबरलेला. "आज साडेसातला अप्पांचा फोन आला नाहीं. मी केला तर उचलत नाहींत."

मी सगळं सांगितलं. ताप उतरलाय, झोपले असतील, फोन बहुतेक सायलेंटवर राहिला, काळजी करू नका सुधाक्का. तिनं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग हसली.

"अप्पा कुत्र्याला उचलले?"

"मांडीवर घेऊन बसले."

"माझ्या कुत्रीला ते व्हिडिओवरही घाबरतात," ती म्हणाली. मग मराठी, तमिळ, इंग्रजी सगळं मिसळून बोलत राहिली. आई गेल्यावर तिचं आणि अप्पांचं बोलणंच संपलं होतं. भांडण नव्हतं. पण मधे बोलायची ती आईच. अप्पा विचारायचे, जेवलीस? ती म्हणायची, हो. ती विचारायची, गोळ्या घेतल्या? ते म्हणायचे, हो. फोन संपला. मग एकदा तिच्या कुत्रीनं, मिरीनं, बागेतलं काहीतरी खाल्लं आणि ती दवाखान्याबाहेर रडत असताना नेमका अप्पांचा फोन आला. कोणतं झाड, त्यांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी फोन केला तो त्या झाडाची सगळी माहिती काढून. "त्या दिवशीं आम्ही चाळीस मिनिटें बोललों, अनघा. आयुष्यांत पहिल्यांदा. तेव्हांपासून दर रविवारला एक झाड."

"आणि मिरी कशी आहे आता?" मी विचारलं.

"मिरी गेली. दीड वर्ष झालें. म्हातारी झाली होती." ती हलकेच म्हणाली, "अप्पांना सांगितलों नाहीं. सांगितलें तर रविवारला काय बोलतील ते? तूंही सांगूं नको."

मी नाही सांगत म्हणाले.

वर गेले तर मामा जागे होते आणि प्रचंड अस्वस्थ. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पलंगावर बसले होते. "साडेसात होऊन गेले गे. डाव्या हातानें मला लावतां येत नाहीं. जरा सुधेला लाव."

मी व्हिडिओ लावून फोन धरला. मामांनी पट्टी बांधलेला हात चादरीखाली घातला. सुधाक्कानं तो विषय काढला नाही. मामांनी घसा साफ केला आणि सायकसबद्दल सांगायला सुरुवात केली. पानं कशी, बी कसं, बी का सगळ्यात वाईट, खाल्ल्यावर पहिल्या तासात काय, दुसऱ्या दिवशी काय. ती मधे मधे विचारत होती. तिच्याकडे वही होती. ती खरंच लिहून घेत होती.

"शेजाऱ्याच्या अंगणांत असेल तर बघ. मिरीला तिकडे नेऊं नको."

"नाहीं नेत, अप्पा."

"जेवण बरें आहे तिचें?"

"बरें आहे."

मग आणखी थोडं बोलून, पंचवीस मिनिटांनी फोन संपला. मी तो उशाशी ठेवला. मामांनी हात चादरीबाहेर काढला. मी खोटं बोलणाऱ्या माणसासारखी उगीच पाण्याचा तांब्या भरून आणला, पडदा सरकवला.

"पूर्वीं फोन लावला कीं मागें भुंकायची," मामा म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते. "दारांतला पट्टाही दिसायचा, तिच्या पाठीमागें. आतां भिंतीवर खिळा तेवढा आहे."

मी तांब्यावर पेला पालथा घातला.

"मी पुसत नाहीं," मामा म्हणाले.

खाली बागेत सेल्वम पाइपनं पाणी घालत होता. मामांनी उशीखालून आपली यादी काढली, डाव्या हातानं सायकसपुढे वेडीवाकडी खूण केली आणि पुढच्या ओळी बघू लागले.

"पुढल्या रविवारला काय घेऊं गे?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. "पेरू आहे की."

"पेरू हिरवा," मामा वैतागले. "दोन मिनिटांत संपेल. कांहीं तरी विषारी बघ. मोठें."